नवीन कोई मासे आणलेत, सोडू का थांबू? (मुंबईत तळं असणाऱ्यांनी सांगा)

पार्ल्याचा हौद

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं पार्ल्याला तळमजल्याचं घर, मागच्या अंगणात बाबांनी बांधलेला हौद आहे, साधारण साडेपाच हजार लिटरचा. त्यात सात कोई, म्हणजे जपानी रंगीत कार्प मासे. सगळ्यात थोरली चागोई, नऊ वर्षांची. जपानीत चा म्हणजे चहाच आणि रंगही अगदी कटिंगचा, म्हणून आई तिला चहावाली म्हणते. आई सकाळी पायरीवर बसली की ही बाई काठाला येऊन तोंड उघडून हजर. बाबा गेल्यापासून आईचा अर्धा दिवस तिथेच जातो.

तर गेल्या रविवारी मोह झाला आणि चार पिल्लं घेऊन आलो, दोन कोहाकु, एक शोवा, एक पिवळी ओगोन (सगळ्या कोईच्याच रंगांवरून पडलेल्या जाती). वीतभर पण नाहीत अजून. दुकानदार म्हणाला साहेब पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर ठेवा आणि द्या सोडून, काय नाय होत. घरी येईपर्यंत कुठेतरी वाचलेलं आठवलं की आधी वेगळे ठेवायचे असतात, म्हणून आत्ता ते बाथरूममध्ये ऐंशी लिटरच्या टपात आहेत, एअर पंप लावलाय. आज तिसरा दिवस, बायको विचारतेय की आंघोळ नक्की कोणी करायची.

खरंच गरज आहे का? असेल तर किती दिवस? मासे दिसायला एकदम ठणठणीत आहेत.

गच्चीवाला

दहिसरला पंधरा वर्षं कोई पाळतोय, एकदाही वेगळे ठेवले नाहीत. खडे मीठ टाकायचं मूठभर, सोडून द्यायचे. जे जगायचे ते जगतात. उगाच बाऊ करू नका, बायकोला बाथरूम द्या.

दोन बादल्या

गच्चीवाले, तुमचं नशीब जोरात आहे एवढंच म्हणतो.

पार्लेकर, सोडू नका. पण त्या टपातही ठेवू नका. ऐंशी लिटरमध्ये चार कोई म्हणजे आजार सोडा, ते स्वतःच्याच घाणीने जातील. अमोनिया मोजलात का? किट नसेल तर आज संध्याकाळी आणा. तोपर्यंत खायला घालू नका, दोन दिवस उपाशी राहिल्याने कोई मरत नाही, खाऊन मरते.

सविस्तर रात्री लिहितो, लोकलमध्ये आहे.

पार्ल्याचा हौद

किट आणलं. एकूण अमोनिया १ च्या आसपास दिसतोय, पीएच ७. वाईट आहे का?

सूक्ष्मदर्शी

पीएच ७ आहे म्हणून वाचलात. अमोनियाचा विषारी भाग किती ते पीएच आणि तापमान ठरवतं. ३० अंशाला पीएच ७ असेल तर एकूणातला एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो, तोच पीएच ८ झाला की सात-आठ टक्के होतो, म्हणजे तेवढ्याच घाणीत जवळजवळ दहापट विष. त्यामुळे आत्ता कोणी सांगितलं की खायचा सोडा टाका पीएच वाढवा तर अजिबात ऐकू नका. आधी निम्मं पाणी बदला, क्लोरीन मारून, तापमान जुळवून.

पिशवीचंही हेच गणित असतं. प्रवासात माशाच्या श्वासाने पिशवीतल्या पाण्याचा पीएच खाली जातो आणि अमोनिया साठतो पण निरुपद्रवी रूपात. पिशवी उघडली, कार्बन डायऑक्साइड उडाला की पीएच चढतो. म्हणून पिशवी बंदच तरंगवायची, तापमान सारखं झालं की उघडून मासा हाताने उचलून टाकीत, आणि ते पाणी गटारात. लोक अर्धा तास उघड्या पिशवीत वाटी वाटी पाणी घालत बसतात, बिचारा मासा तेवढ्यात भाजून निघतो.

मुलुंडची मावशी

पाचशे लिटरची काळी प्लास्टिकची टाकी घ्या, गच्चीवर ठेवतात ती, तोंड कापून मोठं करून घ्या. वर जाळी घट्ट बांधा, नवीन कोई पहिल्या रात्री उडी मारतेच मारते, आमची एक सकाळी चपलांच्या रॅकखाली सापडली होती. आणि तुमच्या हौदाच्या फिल्टरमधला जुना स्पंज काढून त्या टाकीत घाला म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार मिळतील, नाहीतर नवीन टाकीत पहिले तीन-चार आठवडे अमोनिया नायट्राइट चढतच राहतो. फक्त तो स्पंज परत हौदात जाता कामा नये, काम झालं की फेकायचा.

दोन बादल्या

आता निवांत लिहितो, लांबेल.

माझ्याकडे अकरा कोई होत्या, भांडुपला, बिल्डिंगच्या मागे जरा मोकळी जागा आहे तिथे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तीन नवीन घेतल्या. मी काही गच्चीवाल्यांसारखा नाही, व्यवस्थित तीन आठवडे वेगळ्या ठेवल्या, मीठ घातलं, अंगावर काही दिसलं नाही, खाणं उत्तम, मग तळ्यात सोडल्या. जून जुलै ऑगस्ट मजेत. दिवाळी मजेत. मला वाटलं आपण पुस्तकातल्यासारखं केलं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थंडी पडली, पाणी २३ अंशावर आलं. एका सकाळी सगळ्यात मोठी शोवा हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाजवळ उभी, पर मिटलेले, खायला टाकलं तर बघेना. दुसऱ्या दिवशी तिघी तशाच. अंगावरचा बुळबुळीत थर जागोजागी सुटून लोंबत होता, डोळे आत गेलेले. कल्ला उचलून पाहिला तर लाल कंगव्यावर कोणी चुना सांडावा तसे पांढरे पट्टे. आठ दिवसांत अकरापैकी दहा गेल्या. मी रोज ऑफिसला जायच्या आधी खड्डा खणायचो.

आणि त्या मे महिन्यातल्या तिघी? त्यांना काहीही झालं नाही. एक वेळचं खाणंसुद्धा चुकवलं नाही.

मी तपासणी करून घेतली नाही त्यामुळे तो कोई हर्पीस व्हायरसच, म्हणजे केएचव्हीच, असं छातीठोक म्हणत नाही. पण नंतर जे वाचलं त्यात प्रत्येक गोष्ट जुळत गेली. हा व्हायरस १९९८ साली इस्रायल आणि अमेरिकेत पहिल्यांदा दणक्यात दिसला, २००३ मध्ये जपानच्या कासुमिगौरा तलावात पाळलेले कार्प हजार टनांहून जास्त मेले. औषध नाही. आणि खरी मेख म्हणजे तो रोग साधारण १६ ते २५ अंशात, फार तर २८ पर्यंत, डोकं वर काढतो. ३० च्या पाण्यात गप्प बसतो, मासा निरोगी दिसतो, पण जो मासा एकदा त्यातून वाचला तो आयुष्यभर अंगात घेऊन फिरू शकतो.

आता सांगा, मुंबईत मे महिन्यात टाकीचं पाणी किती असतं? माझ्याकडे ३१. म्हणजे मी तीन आठवडे जे केलं ती परीक्षा अशी होती की पेपरच छापलेला नाही आणि सगळे पास. मुंबईतला उन्हाळी क्वारंटाइन किडे-परजीवी पकडायला ठीक आहे, ह्या व्हायरससाठी काही कामाचा नाही.

गच्चीवाला

बापरे. दहा?? सॉरी दादा, वरचं जरा हलक्यात लिहिलं मी.

पण मग पंधरा वर्षांत माझ्याकडे का नाही झालं?

सूक्ष्मदर्शी

कारण तुम्ही आणलेल्या माशात तो नव्हता, एवढंच. सिग्नल तोडून पंधरा वर्षं काही झालं नाही म्हणणारे रिक्षावाले पण भेटतात.

बाकी दोन बादल्या यांचा मुद्दा शंभर टक्के. भर घालतो, कार्प एडिमा नावाचा दुसरा व्हायरस आहे, मासे तळाला आडवे पडून झोपल्यासारखे राहतात म्हणून त्याला स्लीपी डिसीज म्हणतात, तो आपल्याकडे भारतात कोईमध्ये सापडलेला आहे. तोही थंडाव्यातला गडी. त्यात अर्धा टक्का मीठ खूप मदत करतं, केएचव्हीत मात्र मीठ घाला नाहीतर साखर घाला.

ठाणे लोकल

मग पाणी थंड करायचं ना? बाटल्यांत बर्फ करून टाकायचा टाकीत. मी टॅंकला करतो उन्हाळ्यात.

सूक्ष्मदर्शी

हिशोब करा. एक लिटर बर्फ वितळून टाकीच्या पाण्याइतका गरम होईपर्यंत साधारण शंभर-एकशे दहा किलोकॅलरी खेचतो. पाचशे लिटर पाण्यात ती भागली की ०.२ अंश. एका बाटलीमागे. ३१ चे २४ करायला तीस-पस्तीस बाटल्या, आणि तासाभरात ऊन ते परत वर नेणार. फ्रीजमध्ये भाजी कुठे ठेवणार?

चिलर घेतलात तर होईल, पण त्याच्या किमतीत आणखी बऱ्याच कोई येतील.

मुलुंडची मावशी

त्यापेक्षा खरेदीच थंडीत करावी ना. आम्ही नोव्हेंबर ते जानेवारी एवढ्यातच घेतो, आमच्याकडे जानेवारीत सावलीतलं पाणी २२-२३ ला येतं, फुकटचा चिलर.

पार्ल्याचा हौद

मावशी, सल्ला उत्तम आहे पण मासे आधीच बाथरूममध्ये आहेत ☺

आज पाचशे लिटरची टाकी आणली, जिन्याखाली सावलीत बसवली. सेक्रेटरींना सांगितलं पाण्याची जादा टाकी आहे, त्यांनी आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, ह्या टाकीला डोळे आहेत. जुना स्पंज घातला, हवा दोन ठिकाणी. मीठ किती घालू?

मुलुंडची मावशी

०.३ टक्के म्हणजे हजार लिटरला तीन किलो, तुम्हाला दीड किलो. साधं खडे मीठ, वाण्याकडचं. एकदम नाही, तीन हप्ते करून दोन दिवसांत, बादलीत विरघळवून. आणि लक्षात ठेवा, उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. पाणी कमी झालं म्हणून भर घातली तर परत मीठ घालायचं नाही, पाणी काढून बदललं तरच तेवढ्यापुरतं घालायचं. माझ्या जावेने दर रविवारी किलोभर घातलं होतं, महिन्याने समुद्र झाला टाकीचा.

मिठाचा मोठा फायदा नायट्राइटसाठी. नवीन टाकीत नायट्राइट चढतो, तो रक्तात शिरून रक्त तपकिरी करतो आणि हवा असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यातून आत येऊ देत नाही.

दोन बादल्या

जाळी, मग, थर्मामीटर, बादली सगळं वेगळं. माझं नाव त्यावरूनच आहे, लाल बादली नवीन माशांची, निळी तळ्याची, आणि कामवाल्या ताईंनासुद्धा पाठ आहे. आधी हौदाचं काम करायचं, मग टाकीचं, उलट कधीच नाही. हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे. ओल्या जाळीतून एवढंसं पाणी गेलं तरी तुमचा सगळा खटाटोप वाया.

ठाणे लोकल

मी परमँगनेटने जाळी धुतो, चालतं ना? आणि मासेही त्यात बुडवून काढू का, जांभळं पाणी बघून बरं वाटतं.

सूक्ष्मदर्शी

जाळीला चालेल. माशांना बघून बरं वाटतं म्हणून काही देऊ नका प्लीज. हजार लिटरला दोन ग्रॅमच्या वर गेलात किंवा वजनकाटा साधा भाजीवाल्याचा असला तर कल्ले जळतात. कुठलंही औषध आधी बघून मगच.

पार्लेकर, तुमच्या जवळपास मायक्रोस्कोप आहे का कोणाकडे? शाळेतला असतो तसला पुरतो, ४० पट आणि १०० पट. मासा ओल्या हाताने धरायचा, काचपट्टीच्या बोथट कडेने कल्ल्याच्या मागून शेपटीकडे हलकेच थर ओढायचा, एक थेंब टाकीचंच पाणी, वर पातळ काच, लगेच बघायचं. दहा मिनिटांनी पाहिलंत तर निम्मे किडे मेलेले आणि तुम्हाला कचरा वाटणार.

पार्ल्याचा हौद

भाचीच्या दहावीचा मायक्रोस्कोप मिळाला! आज दोघांनी मिळून पाहिलं. पहिल्यांदा नुसते खवले आणि बुडबुडे. मग शोवाच्या थरात एक पारदर्शक जळवेसारखं काहीतरी, एका टोकाने चिकटून दुसऱ्या टोकाने इकडेतिकडे चाचपडतंय, आणि त्याच्या पोटात अजून एक हुकासारखा आकडा दिसतोय. भाची किंचाळली. मोबाइल भिंगाला लावून फोटो काढलाय, जरा अस्पष्ट आहे.

सूक्ष्मदर्शी

किंचाळणं योग्यच आहे. गायरोडॅक्टायलस, फ्लूक, म्हणजे माशाला चिकटणारा परजीवी किडा. तो आत दिसणारा आकडा म्हणजे पोटातलं पिल्लू, आणि गंमत म्हणजे त्या पिल्लाच्या पोटातही पुढचं पिल्लू तयार होत असतं. म्हणजे आजी, आई, नात एकाच चामडीत. ठणठणीत दिसणारे मासे ना तुमचे? हे सरळ चहावालीकडे जाणार होतं.

औषध प्राझिक्वांटेल. शुद्ध पावडर मिळवा, माणसांच्या गोळ्या कुटू नका, त्यात इतर भुकटी असते. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरलं तर तुम्हाला सव्वा ग्रॅम. पाण्यात विरघळत नाही, लोक थोड्याशा व्होडकात कालवतात.

गच्चीवाला

शेवटी धाग्यात कामाचं काहीतरी आलं.

सूक्ष्मदर्शी

माशांसाठी हो गच्चीवाले, दोन चमचे.

एका डोसावर थांबू नका. गायरो पिल्लं देतो, तो एका फटक्यात बराचसा जातो, पण त्याचा भाऊ डॅक्टायलो कल्ल्यात असतो आणि अंडी घालतो, अंड्यांवर औषध चालत नाही. आपल्या गरम पाण्यात अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्याने परत एकदा. मग पुन्हा थर काढून बघा.

पार्ल्याचा हौद

महिनाभराने अपडेट देतोय. दोन डोस झाले, तीन वेळा तपासलं, काही दिसत नाही. मध्ये एकदा पीएच अचानक ६.२ झाला होता, मावशींना फोनवर विचारलं (आभार). मुंबईचं पाणी तलावांचं, फार मऊ, त्यात क्षार कमी त्यामुळे पीएच धरून ठेवायला काही नसतं. अमोनिया शून्य आहे याची खात्री करून मग पंधरा ग्रॅम खायचा सोडा रोज, असं चार दिवस केलं. पाचशे लिटरला पंधरा ग्रॅम म्हणजे केएच (पीएच धरून ठेवणाऱ्या क्षारांचं माप) एक अंश वाढतो.

जून लागल्यावर पालिकेचे डासवाले आले, टॉर्च मारून टाकी बघितली, म्हणाले इथे मासे आहेत, इथे काही होणार नाही. मग शेजारचा पाणी साठवायचा ड्रम उघडला, त्यात अळ्याच अळ्या. आम्ही इकडे मायक्रोस्कोप घेऊन बसलोय आणि साध्या डोळ्यांना दिसणारं कोणी बघितलं नव्हतं. आता ड्रमला झाकण.

आता प्रश्न हा की पाणी ३० आहे. सोडू का?

दोन बादल्या

तुम्हीच ठरवा, पण मी माझ्या दहा आठवून सांगतो, थंडीपर्यंत थांबा. आणि थंडीत नुसतं थांबून उपयोग नाही. पाणी २२ ते २५ मध्ये स्थिर आलं की हौदातली एक जुनी कोई ह्या चौघांत आणून ठेवायची, तीन आठवडे. नवीन मासे वाहक असतील तर त्यांना काही होणार नाही, ते जुन्या माशाला होईल. मला हेच आधी माहीत असतं तर एक गेली असती, दहा नाही.

ठाणे लोकल

जुनी कोई कशाला, वीस रुपयांचा गोल्डफिश टाका की.

सूक्ष्मदर्शी

गोल्डफिश त्या व्हायरसने आजारीच पडत नाही, वाहून मात्र नेऊ शकतो. कोईच लागते. आणि काही गडबड दिसलीच तर वर्सोव्याला यारी रोडजवळ केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, माशांच्या आजारांवर काम करणारी माणसं तिथे आहेत, आधी फोन करून विचारा. फक्त वाहक माशात तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे रिपोर्ट आला म्हणून परीक्षा टाळू नका.

मुलुंडची मावशी

पण कुठली देणार? मला नाही बाई जमणार निवडायला.

पार्ल्याचा हौद

धागा वर आणतोय, डिसेंबर उजाडला.

ऑगस्टमध्ये टाकी अपुरी पडायला लागली म्हणून दुसरी जोडली. चौघं आता हाताएवढी झालीत. गेल्या सोमवारपासून पाणी सकाळी २३, संध्याकाळी २४.

आईला सांगायचं आठवडाभर टाळत होतो. शेवटी सांगितलं की एक मासा द्यावा लागेल, कदाचित परत येणार नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली चहावालीला हात लावायचा नाही. मी म्हटलं नाही गं. मग पायरीवर जाऊन बसली, नेहमीसारखं खायला टाकलं, आणि वाकड्या शेपटीच्या केशरी कोईकडे बोट दाखवलं, तिला आम्ही बुंदी म्हणतो. "ही घे. ही नेहमी शेवटी येते खायला, हिला कोणी विचारत नाही," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

बुंदीला कोऱ्या लाल बादलीतून नेलं, दोन बादल्या यांच्या नियमाने ती बादली आता हौदाकडे जाणार नाही.

गच्चीवाला

मी पण ह्या वर्षी वेगळी टाकी घेतली, कोणाला सांगू नका. बुंदीचं कळवत जा.

पार्ल्याचा हौद

आज बारावा दिवस. बुंदी खातेय, कल्ले लाल, अंग घासत नाही. नवीन चौघांत ती पहिली येते खायला, हौदात कधी यायची नाही. आई दुपारी जिन्याखाली स्टूल घेऊन बसते हल्ली, सेक्रेटरी विचारत होते काकू इथे काय करतात.

दोन बादल्या

तापमान?

पार्ल्याचा हौद

आज सकाळी २२.५.

दोन बादल्या

बरोब्बर. अजून नऊ दिवस हात लावू नका.